बॉयलर धुण्याचा रविवार

रविवारी काय केलेलं चालतं आणि काय चालत नाही, हे आमच्या घरात रेजिना ठरवायची. रेजिना म्हणजे माझी बायको. येत्या नाताळात तिला जाऊन दहा महिने होतील.

मी चौथी शिकलेला माणूस. नात म्हणाली, आजोबा, यंदाच्या नाताळ अंकासाठी तुमच्या बॉयलरवरच्या नोकरीचं लिहा, लोकांना बॉयलर म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. शुद्धलेखन तिनं सुधारलंय, बाकीचं माझं आहे. नोकरीचं लिहायला बसलो की मला एकच रविवार आठवतो. म्हणून तेवढंच लिहितो. कधी लागलो, कधी बढती झाली, निरोपाच्या वेळी कोण काय बोललं, ते सगळं सोडून देतो. त्याचं कुणाला काय पडलंय.

आम्ही नगर जिल्ह्यातले कॅथलिक. पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला मी पिंपरीला आलो. तेव्हा पिंपरी म्हणजे स्टेशन, निर्वासितांच्या बराकी, आणि मध्ये मध्ये उगवायला लागलेले कारखाने. बाकी ज्वारी. रहाटणीपर्यंत नजर जायची, मध्ये काही आडवं यायचं नाही. पिंपळे सौदागरला आज माझी नात अकराव्या मजल्यावर राहते, तिथं मी लोकांना कांदे काढताना पाहिलंय. आमचा कारखाना फार मोठा नव्हता, पुढे बंदही पडला. त्याचं नाव लिहीत नाही. माझं काम बॉयलरवर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी रविवारचं सांगतो. कॅथलिक माणसाला रविवारी दोन बंधनं. एक, मिस्सा चुकवायची नाही. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना. सबळ कारण नसताना चुकवली तर ते मोठं पाप, फादरपुढे कबूल करावं लागतं. दुसरं, अंगमेहनतीचं, मजुरीचं काम करायचं नाही. आता मेहनतीचं कशाला म्हणायचं, यावर आमच्यात लोक तासन् तास वाद घालायचे. रेजिनाचा हिशेब पक्का होता. भाकरी थापलेली चालते, दळण चालत नाही. तुटलेलं बटण टाचलं तर चालतं, नवा सदरा बेतायचा नाही. कोंबड्यांना दाणे टाकायचे, खुराडं सारवायचं नाही. कपडे धुवायचे नाहीत म्हणजे नाहीत, मग सोमवारी अंगावर काय घालायचं ते शनिवारी बघा. पत्ते खेळा, पैसे लावू नका. सिनेमाला जा, पण मिस्सेनंतर, आणि कुठला सिनेमा ते आधी मला सांगा.

मी एकदा मुद्दाम विचारलं, पवनेवर मासे धरायला गेलो तर?

ती म्हणाली, "गळ टाकून बसणार की जाळं ओढणार?"

"फरक काय? मासा तो मासाच."

"गळ टाकून बसणं म्हणजे करमणूक. जाळं ओढणं म्हणजे धंदा."

मी चिडवायला म्हटलं होतं, पण पुढच्या भेटीत फादरना विचारलं तर तेही तेच म्हणाले. रेजिना आठवडाभर मान ताठ करून हिंडली.

घाई हा तिचा दुसरा स्वभाव. मिस्सा खडकीला, सकाळी आठला. पिंपरीत तेव्हा आमचं चर्च नव्हतं. मी सायकल मारायचो, ती मागे कॅरिअरवर. साडेसहापासून तिचं सुरू व्हायचं, "चला, उशीर होतोय. चला ना." त्यात पोटात अन्न नाही. ख्रिस्तशरीर घ्यायचं, म्हणजे वेदीवरचा प्रसाद घ्यायचा, तर रात्री बारापासून काही खायचं नाही असा तेव्हा नियम होता. पाण्याला तेवढी नुकतीच सूट मिळाली होती. उपाशी पोटी आठ किलोमीटर सायकल, मागे बायको, आणि कानाशी "चला".

आता बॉयलरचं. रेल्वेच्या इंजिनाचं पोट तुम्ही पाहिलं असेल. तसंच आडवं, त्याच्या दुप्पट जाड, विटांच्या बांधकामात बसवलेलं. आत पाणी, पाण्यातून दोन मोठ्या नळ्या जातात, नळ्यांत कोळसा जळतो. पाण्याची वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो. बॉयलरवाल्याचं निम्मं काम कोळसा टाकायचं आणि निम्मं काम भ्यायचं. पाणी कमी झालं तर नळी तापून फाटते, वाफ जास्त झाली तर पत्रा फाटतो. जो बॉयलरला भीत नाही त्याला मी कधी हाताखाली घेतला नाही.

पाण्यातला क्षार आत बसतो. चुन्यासारखी खपली धरते. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. रोज पाळीत एकदा बॉयलरच्या बुडाची तोटी उघडून तळातलं गढूळ पाणी जोरात बाहेर सोडायचं. त्याला आम्ही ब्लोडाऊन मारणं म्हणायचो. दुसरं, दीड-दोन महिन्यांनी बॉयलर विझवून, गार करून, वरच्या भोकातून माणूस आत उतरवायचा आणि त्यानं हातोडीनं खपली काढायची. ते भोक एवढंच असतं की खांदे तिरके करून उतरावं लागतं. आत उभं राहता येत नाही. आत मिणमिणता दिवा, अंगाला चिकटलेली भट्टीची धग, आणि स्वतःच्या हातोडीचा आवाज कवटीत.

आमच्याकडे दोन बॉयलर होते, शेजारी शेजारी. एक धुवायला काढला की दुसरा चालू. दोघांच्या बुडाच्या तोट्या पुढे जाऊन एकाच नळाला मिळायच्या, आणि तो नळ कारखान्यामागच्या चरात उघडायचा. म्हणजे धोका कुठे ते बघा. धुवायच्या बॉयलरची तोटी उघडी असते, कारण आतलं धुतलेलं पाणी वाहून जायला हवं. अशा वेळी कुणी चालू बॉयलरचं ब्लोडाऊन मारलं, तर उकळतं पाणी आणि वाफ चरात जाईलच, पण अर्धी उलटी फिरून मोकळ्या बॉयलरच्या बुडातून वर येईल. आणि आत माणूस.

म्हणून तोट्या फिरवायची चावी एकच ठेवलेली. हातभर लांब, लोखंडी. ती एरवी खिळ्याला टांगलेली असायची. धुण्याच्या दिवशी जो आत जाईल त्यानं ती चावी बरोबर घेऊन आत जायचं. चावी आत असली की बाहेरचा माणूस काही उघडूच शकत नाही. आणि चावी खिळ्याला दिसली म्हणजे आत कुणी नाही. लिहिलेला नियम नव्हता. बॉयलरवर माणसं अशीच जगायची.

हे धुणं नेहमी रविवारी निघायचं, कारण रविवारी कारखान्याला सुट्टी. चालू बॉयलर फक्त वाळवणीच्या खोल्यांपुरता, मंद. पहिल्यांदा माझ्यावर धुण्याची पाळी आली तेव्हा रेजिनानं दोन दिवस अबोला धरला. म्हणाली, "आग राखणं मी समजू शकते. ती विझवता येत नाही. पण खपली काय सोमवारी निघत नाही?"

मी फादरकडे गेलो. फादर जर्मन, पण पंधरा वर्षं नगरच्या खेड्यांत काढलेली, मराठी आपल्यासारखं बोलायचे, फक्त जरा पुस्तकी.

त्यांनी विचारलं, "हे काम दुसऱ्या वारी करता येईल काय?"

"येईल. कारखाना बंद ठेवावा लागेल. साहेब ठेवणार नाही."

"म्हणजे तुझ्या हातात नाही."

"नाही."

"मग तुला दोष नाही. दोष तुझ्या साहेबाचा."

"साहेब हिंदू आहे, फादर. त्याला रविवारचा दोष लागत नाही."

फादर हसले. म्हणाले, "कर. परंतु मिस्सेला यायचे. काम तुला मिस्सेपासून अडवत असेल तरच ते वाईट."

मग मी आणि याकूबनं तोड काढली. याकूब माझा जोडीदार, चिंचवडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. बॉयलरचं जे काही मला येत होतं ते त्यानं शिकवलेलं. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जायचा तेव्हा त्याची भट्टी मी सांभाळायचो. धुण्याच्या रविवारी मी सहाला आत उतरायचो, सातला बाहेर, मग तो आत. मी मिस्सा करून दहापर्यंत परत. तो मला म्हणायचा, "तुझा देव बरा आहे यार, हप्त्यातून एकदाच हजेरी घेतो. माझा दिवसातून पाचदा."

त्या रविवारी चालू बॉयलरवर तुकाराम होता. रहाटणीचा, घरची शेती, कारखान्यात लागून चार महिने झालेले. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचा. त्याच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

मी सहाला आत उतरलो, चावी घेऊन. तासभर खपली काढली. सातला बाहेर आलो. याकूब लुंगी खोचून, डोक्याला फडकं बांधून तयार. मी चावी हातात घेऊनच बाहेर आलेलो. तो भोकात पाय सोडून बसला आणि म्हणाला, "चावी?"

मी म्हटलं, "हात धुऊन देतो. चावी बरबटलीय."

तो उतरला. त्याला माझ्यावर भरवसा होता.

मी चावी खिळ्याला टांगली आणि नळावर गेलो. आता खरं लिहितो. खडकीच्या चर्चमध्ये तेव्हा कोण यायचं? मिलिटरीतले गोवेकर, रेल्वेतले, सूट घातलेले, बायकांच्या पायांत टाचांच्या चपला. त्यांच्यात आम्ही नगरकडचे मागच्या बाकांवर. माझी नखं कायम काळी. ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे गेलं की शेजारचा माणूस खाली बघायचा, माझ्या हातांकडे. ते मला लागायचं. म्हणून त्या दिवशी मी नळावर बसलो आणि काथ्यानं, साबणानं, काडीनं एकेक नख उकरून काढलं. चांगली दहा मिनिटं. कुणी मला बोलावत नव्हतं. माझं डोकं सगळं त्या नखांत.

धुऊन झालं, अंग पुसलं, आणि मी तसाच फाटकाकडे निघालो. खिळ्याकडे पाहिलंदेखील नाही.

फाटकाबाहेर रेजिना माझा पांढरा सदरा घेऊन उभी होती. आणि त्या दिवशी ती काय म्हणाली ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण पुढे त्याच्यावरच सगळं आहे. ती म्हणाली, "सावकाश. आज मी लवकर आलेय, पुष्कळ वेळ आहे. आधी नीट पुसा, सदऱ्याला डाग पडेल."

सदरा घातला, ती मागे बसली, आम्ही निघालो.

आठला मिस्सा सुरू झाली. तेव्हा सगळं लॅटिनमध्ये असायचं, आम्हाला शब्द कळायचे नाहीत पण कुठं काय चाललंय ते कळायचं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. रेजिना पलीकडच्या बाकावर, डोक्यावर पदर, ओठ हलताहेत. वाचनं झाली, प्रवचन झालं. आम्ही गुडघे टेकले. मी हात जोडले आणि माझी नखं दिसली.

पांढरीशुभ्र. लग्नातसुद्धा एवढी नव्हती. मला बरं वाटलं. मग वाटलं, एवढी स्वच्छ झाली कशी, दोन्ही हातांची, कोपऱ्यापर्यंत. चावी हातात असती तर...

तुकाराम नऊला ब्लोडाऊन मारतो. चावी खिळ्याला आहे. चावी खिळ्याला म्हणजे आत कुणी नाही. याकूब आत.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ होऊन गेले होते. वेदीवर घंटी वाजायची वेळ जवळ आलेली. त्या वेळी उठून बाहेर पडायचं म्हणजे काय, ते कॅथलिक माणसालाच कळेल. मी उठलो. बाकावरच्या लोकांच्या पायांवरून गेलो. मागे कुणीतरी इंग्रजीत पुटपुटलं.

सायकलीचं कुलूप काढत होतो तेवढ्यात रेजिना धावत बाहेर आली. पदर खांद्यावर पडलेला.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"चावी बाहेर राहिली. याकूब आत आहे."

तिला बॉयलरचं सगळं ठाऊक होतं, मी घरी दुसरं काही बोलायचोच नाही. तिनं तोंडावर हात धरला. म्हणाली, "कशी राहिली?"

आणि मी म्हटलं, "तुझ्या घाईपायी. चला चला करून डोकं खाल्लंस माझं."

मी टांग मारली आणि गेलो.

पुढे मला पुष्कळांनी विचारलं, फोन का नाही केला. चर्चला फोन होता की नाही ते मला आजही माहीत नाही. आमच्यासारख्याच्या डोक्यात तेव्हा फोन यायचाच नाही. पाय होते, सायकल होती.

दापोडीचा पूल ओलांडला. पुढे रेल्वेचं फाटक बंद. मी सायकल आडवी केली आणि आडव्या दांड्याखालून घुसलो. फाटकवाला हिरवं निशाण सोडून माझ्या अंगावर धावला, "मरायचंय का रे?" त्यानं दंड धरला. मी म्हटलं, माणूस मरतोय. तो म्हणाला, "तूच मरशील," आणि सोडला नाही. मालगाडी आली. डबे मोजू नयेत म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. ती जाईपर्यंत त्यानं दंड सोडला नाही. आज वाटतं बरं केलं त्यानं. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या.

कासारवाडी मागे पडली आणि रस्ता सरळ झाला. मघाशी म्हटलं, तेव्हा मध्ये काही आडवं नव्हतं. आमच्या कारखान्याची चिमणी मैलावरून दिसायची. तिच्यातून थोडासा धूर, रविवारचा. मी चिमणीकडे बघत नव्हतो. मी तिच्या डावीकडे बघत होतो, जिथं चर होता. तिथं काही नव्हतं. मी पाय मारत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून नऊ झाले नाहीत, नऊला मारतो तो, तुकाराम सांगितल्या वेळेला मारतो.

मग चरातून वाफ वर आली. पांढरी, कापसासारखी, हळूहळू. घराएवढी झाली आणि तशीच वर वर गेली. उन्हात छान दिसत होती.

माझ्यात आणि कारखान्यात एक मैल होता.

तो मैल मी कसा गेलो ते मला सांगता येत नाही. फाटकातून आत शिरलो तेव्हा तुकाराम आणि पहारेकरी बॉयलरच्या माथ्यावर चढून भोकातून याकूबला ओढत होते. भोकातून वाफ येत होती. मी वर चढलो, त्याच्या काखेत हात घातले, तिघांनी मिळून बाहेर घेतलं. गुडघ्यांखाली पाय लाल झालेले, पावलांची कातडी मोज्यासारखी सुटलेली. डावा हातही. तो आतल्या नळीवर चढला होता, म्हणून कमरेच्या वरचा वाचला. आत हातोडी चालू असती तर तुकारामाला आवाज आला असता. पण याकूब तेव्हा खपली गोळा करून पाटीत भरत होता.

तुकाराम एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "चावी खिळ्याला व्हती. मला वाटलं याकूबभाई च्याला गेला. काम न्हवतं म्हनून आदीच मारलं. चावी खिळ्याला व्हती न्हवं?"

मी म्हटलं, "होती. तुझी चूक नाही."

याकूबनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. म्हणाला, "एवढ्यात सुटली होय रे मिस्सा?"

साहेबांची जीप आली. स्वच्छ चादरीत गुंडाळून त्याला पुण्याला दवाखान्यात नेलं. चादरीसाठी कुणीतरी साहेबांच्या बंगल्यावर पळालं होतं, तेवढा वेळ तो कोळशाच्या ढिगाला टेकून बसला आणि त्यानं आवाज म्हणून काढला नाही. मला त्याच्या शेजारी बसवलं नाही, जागा नव्हती.

रेजिना चालत आली. खडकीहून पिंपरीपर्यंत, उपाशी. अकरा वाजले होते. फाटकाशी उभी राहून तिनं विचारलं, "आहेत?" मी म्हटलं, आहे. पाय भाजलेत. ती तिथंच दगडावर बसली. मी बाहेर पडल्यावर तिनंही मिस्सा पुरी केली नव्हती.

त्या वेळी मी तिला सांगायला हवं होतं. रागाच्या भरात बोललो, तू तर सावकाश म्हणाली होतीस, मी नखं साफ करत बसलो होतो. एवढं एक वाक्य. मी म्हटलं, घरी चल.

साहेबांनी चौकशी केली. मी सांगितलं, चावी माझ्याकडून राहिली. ते मी लपवलं नाही, आणि मला पंधरा दिवस घरी बसवलं तेही बरोबरच होतं. याकूबनं दवाखान्यातून जबाब दिला, चावी घेतल्याशिवाय उतरलो ही माझीही चूक. ते वाचून साहेबांनी पुढच्याच आठवड्यात दोन्ही तोट्यांना निराळे नळ करून दिले. चावीचा विषय संपला. आमच्यानंतर आलेल्यांना तो रिवाज ठाऊकही नव्हता.

याकूब तीन महिन्यांनी आला, लंगडत. पुन्हा भट्टीवर उभा राहू शकला नाही. त्याला फाटकावर काम दिलं. मी जाता येता त्याच्याजवळ थांबायचो. त्यानं मला एक शब्द कधी ऐकवला नाही. फक्त शुक्रवारी नमाजाला निघताना म्हणायचा, "आता मला तुझी गरज नाही शिमोन, फाटक काय, पहारेकरीपण बघतो." हसत म्हणायचा. मला ते कुणीतरी चटका दिल्यासारखं लागायचं.

ते तीन महिने रेजिना काय करायची ते लिहितो. मिस्सा झाली की दर रविवारी ती चिंचवडला याकूबच्या घरी जायची. त्याच्या बायकोला, अमीनाभाभीला, तीन लहान मुलं, ती निम्मा दिवस दवाखान्यात. रेजिना त्यांच्याकडे दळण दळायची, घर सारवायची, आणि नदीवर जाऊन त्यांची धुणी धुवायची. रविवारी. माझी रेजिना, जिनं मला रविवारी रुमाल पिळू दिला नाही.

मी पहिल्या रविवारी म्हटलं, "फादरना विचारलंस का?"

ती म्हणाली, "यात विचारायचं काय आहे? केलंय मी, फेडायला नको?"

तेव्हाही मी गप्प राहिलो. खरं तर तेव्हा गप्प राहणं सोपं होतं, कारण तिनं ते अंगावर घेतलंच होतं. बायको एखादी गोष्ट अंगावर घेते तेव्हा नवऱ्याला ती कुणाची होती ते विसरायला फार वेळ लागत नाही.

मी फादरकडे गेलो आणि पाप कबूल केलं. सगळं सांगितलं, मिस्सा अर्धी टाकली, चावी, नखं, आणि दारात तिला काय बोललो ते. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "माणूस वाचवण्यासाठी मिस्सा सोडलीस, ते पाप नव्हे. चावी विसरलास, ती चूक, मोठी चूक, परंतु पाप नव्हे. पत्नीवर टाकलेस, ते पाप. क्षमा देवाकडून मी तुला देतो. परंतु हे तिला सांगितल्यावाचून तू मोकळा होणार नाहीस."

"सांगतो, फादर."

"आज सांग."

"आजच सांगतो."

घरी आलो तेव्हा ती चिंचवडहून यायची होती. आली ती हात सुजवून. मी म्हटलं, आज थकलीय, उद्या सांगू.

त्या रविवारनंतर रेजिना मला "चला" म्हणाली नाही. एकदाही नाही. आधी मला ते उमगलं नाही, दोन-तीन महिन्यांनी उमगलं. ती तयार होऊन दाराशी उभी राहायची, पदर डोक्यावर, हातात माळ, आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघायची. मी मुद्दाम उशीर करून पाहिला. चपला शोधत बसायचो, दाढी पुन्हा करायचो. ती उभी. कित्येकदा आम्ही पोचलो तेव्हा प्रवचन संपलेलं असायचं. मुलं झाली, मोठी झाली, आम्ही निगडीला घर बांधलं, चर्च पायी जाण्याच्या अंतरावर आलं, मिस्सा मराठीत झाली, शनिवारी संध्याकाळची चालायला लागली, रविवारचे सगळे नियम सैल पडले. मुलं विचारायची, आई, तुला घाई म्हणून कशी नाही गं कधी? ती म्हणायची, "होती. सोडली."

याकूब गेला त्याला वीस वर्षं झाली. जाण्याआधी एकदा मी त्याला हे सांगितलं, नखांचं आणि रेजिनाचं. तो म्हणाला, "पाय माझे गेले, मला तर सांगितलंस. आता तिला सांग की." मी म्हटलं, इतक्या वर्षांनी? तो म्हणाला, "मग अजून किती वर्षं झाल्यावर सांगणार?"

गेल्या फेब्रुवारीत रेजिनाला दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं, पण डोकं शेवटपर्यंत स्वच्छ. एका रविवारी सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. सून चर्चला गेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. रेजिनानं डोळे उघडले आणि खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं.

"आज रविवार ना?"

"हो."

"तुम्ही गेला नाहीत मिस्सेला?"

"आजारी माणसाजवळ बसलेलं चालतं. त्यानं मिस्सा बुडत नाही."

ती जरा विचार करून म्हणाली, "हं. ते चालतं." मग म्हणाली, "काही सांगायचंय का? मघापासून बघतेय, तुम्ही हात चोळताय."

मी म्हटलं, "नाही. पाणी देऊ का?"

"द्या."

मंगळवारी ती गेली. त्या रविवारी माझ्यापाशी सकाळी आठपासून सून येईपर्यंतचा वेळ होता, चांगले दोन तास. मी तिला चमच्यानं पाणी पाजलं, उशी सारखी केली, नातीच्या नव्या घराचं सांगितलं, पावसाळ्यात तिथं नेईन म्हटलं, आणि एवढं एक वाक्य सोडून सगळं बोललो.